घरच्या संगणकाचा बॅकअप : थोड्या खर्चात कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

मुदतीवर देवघेव केली तर ती लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही आज्ञा सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. कुरआनमधील ही सर्वांत लांब आयत होय. आपल्या छोट्या व्यापाऱ्यांपैकी पुष्कळांनी हे लिहिणे आता वहीतून संगणकात नेले आहे. दुकान बाजारात, पण संगणक घरी. रात्री ईशाच्या नमाजनंतर मुलगा किंवा मुलगी दिवसभराची बिले, उधारी व येणेबाकी टॅलीत अथवा एक्सेलमध्ये चढवते. त्याच संगणकात मुलांचा अभ्यास, लग्नाचे फोटो आणि कित्येकदा जमातीच्या फंडाचा हिशेबही असतो.

वही भिजली तर निदान काही पाने वाचता येतात. हार्ड डिस्क बिघडली की सगळे एकदम जाते. आपली उधारी बुडाली तर नुकसान आपलेच; परंतु ज्यांची ठेव आपल्याकडे आहे त्यांचा हिशेब ही अमानत आहे. जकातीच्या तारखेला माल किती व येणे किती, हे मग कशावरून ठरविणार? सरकारी बाजूनेही जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेब त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावा लागतो.

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी आपल्याला कशापासून वाचायचे आहे ते ठरवावे. डिस्क बिघडते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण 22 जुलै 2021 रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले तेव्हा जेथे संगणक होता तेथेच, त्याच टेबलाच्या खणात, बॅकअपची डिस्क ठेवणाऱ्याला त्या डिस्कचा काय उपयोग? तिसरा धोका व्हायरसचा. 27 जून 2017 रोजी पसरलेल्या नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले आणि आपल्या न्हावाशेव्यातील जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे कामही थांबले. कंपनीच्या संगणकांचा ताळमेळ राखणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या प्रती ठिकठिकाणी होत्या. पण सर्व एकमेकींना जोडलेल्या, म्हणून सर्व पुसल्या गेल्या. एकच उरली, आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयातली. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! वीज गेल्याचे शुक्र मानावे असा प्रसंग आपल्याकडे क्वचितच येतो, पण मुद्दा लक्षात घ्यावा. जी प्रत संगणकाला सतत जोडलेली आहे तिच्यावर भरवसा ठेवू नये.

आता खर्चाकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे, बहुतेक घरांना सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरजच नाही. विंडोजमध्ये 2012 च्या विंडोज 8 पासून ‘फाईल हिस्टरी’ नावाची सोय आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडून ती चालू केली की ठराविक वेळाने बदललेल्या फाईलींची प्रत त्या डिस्कवर जाते आणि जुन्या आवृत्त्याही राहतात. कोणी चुकून एक्सेलमधील एप्रिलचा रकाना पुसला आणि ते जूनमध्ये ध्यानात आले, तरी एप्रिलची फाईल काढता येते. तिची उणीव अशी की ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा नेमक्या फोल्डरांकडेच पाहते. टॅलीचा डेटा बहुधा त्यांच्या बाहेर असतो! तो फोल्डर लायब्ररीत जोडल्याशिवाय त्याची प्रत होत नाही, आणि बॅकअप चालू आहे या समाधानात माणूस वर्षभर राहतो. कंपनी निवडताना टॅलीच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो. तो आजच कागदावर उतरवून घ्यावा. टॅलीप्राईममध्ये आल्ट व वाय दाबून डेटाच्या यादीतून स्वतंत्र बॅकअपही घेता येतो. हिशेबासाठी हा मार्ग अधिक खात्रीचा.

संपूर्ण संगणकाची, म्हणजे विंडोज व सर्व सॉफ्टवेअरसह, हुबेहूब प्रत हवी असेल तर तिला इमेज बॅकअप म्हणतात. डिस्क बदलल्यावर सगळे पुन्हा बसविण्याचा दोन दिवसांचा व्याप त्याने वाचतो. यासाठी वीम कंपनीचे विंडोज एजंट मोफत आवृत्तीत मिळते. क्लोनझिला तर पूर्णपणे मुक्त आहे, मात्र नवख्याला ते अवघड वाटेल. फक्त फोल्डरांची प्रत हवी असेल तर डुप्लिकाटी हे मुक्त सॉफ्टवेअर चांगले. ते प्रतीला कुलूपही लावते. पूर्वी पुष्कळजण मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वापरीत. तिचा पाठिंबा जानेवारी 2024 मध्ये संपला, तेव्हा जुन्या सल्ल्यावरून ती शोधत बसू नये. ॲक्रोनिस चांगले आहे, पण त्याची वर्गणी दरवर्षी भरावी लागते. माझ्या मते एका घरगुती संगणकासाठी हा खर्च करण्यापेक्षा त्या पैशात दुसरी हार्ड डिस्क घ्यावी.

काही दुकानदार अशी सॉफ्टवेअरे ‘क्रॅक’ करून शे-दोनशे रुपयांत बसवून देतात. यात दोन दोष आहेत. ज्या फाईलीने कुलूप तोडले तिनेच व्हायरस घरात आणला असण्याची शक्यता मोठी. आणि दुसरे, ही चोरी आहे. 1988 साली कुवेतमध्ये भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ग्रंथ, शोध व व्यापारी नाव यांवरील हक्क हे शरीअतच्या दृष्टीने संरक्षित असून त्यांचे उल्लंघन करता येत नाही, असा ठराव केला आहे. मोफत व प्रामाणिक मार्ग उपलब्ध असताना हा धोका कशासाठी पत्करायचा?

गूगल ड्राईव्हवर 15 जीबी व वनड्राईव्हवर 5 जीबी जागा फुकट मिळते. हिशेबाच्या फाईलींना ती भरपूर झाली. फोटोंना पुरणार नाही. पण येथे एक गैरसमज आहे. घरच्या फोल्डरशी सतत जुळवून घेणारी ही सोय म्हणजे बॅकअप नव्हे. येथे फाईल पुसली की तेथेही पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत राहते, नंतर नाही. म्हणून टॅलीची बॅकअप फाईल तारीख घालून स्वतंत्रपणे वर चढवावी आणि जुनी लगेच पुसू नये.

पेनड्राईव्हबद्दलही सांगावयास हवे. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल नेण्यास तो ठीक, वर्षानुवर्षे जपण्यास नाही. शिवाय एफएटी 32 पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राईव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. इमेज बॅकअप तेथेच अडतो.

साधी वहिवाट अशी ठेवता येईल. दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्याव्यात. एक घरी, पण बॅकअप होताच काढून कपाटात ठेवलेली. दुसरी थोरल्या भावाकडे किंवा सासुरवाडीस, शक्यतो नदीपासून दूर व उंचावर. जुम्याच्या दिवशी दुपारी दुकान बंद असते. त्या वेळेत महिन्यातून एकदा दोहोंची अदलाबदल करावी. प्रतीला पासवर्ड लावल्यास तो कागदावर लिहून पत्नीच्या किंवा वडिलांच्या ताब्यात द्यावा. माणूस गेल्यावर वारसा वाटण्याआधी त्याचे कर्ज फेडावे लागते, आणि ते कोणाचे किती हे त्या कुलपात बंद असते.

डिस्क आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक परीक्षा घ्यावी. शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या संगणकावर ती जोडावी, मागील महिन्याचा टॅलीचा बॅकअप रिस्टोर करावा आणि कोणत्याही एका गिऱ्हाइकाची बाकी आपल्या संगणकाशी ताडून पाहावी. काम झाल्यावर त्या संगणकातील प्रत पुसून टाकण्यास विसरू नये. आकडा जुळला नाही तर दोष बहुधा डेटाच्या मार्गात असतो; तो दुरुस्त करून परीक्षा पुन्हा घ्यावी.