डेव्हलपर कोणता घेऊ?

चि. मुक्ता,


तुझं पत्र आणि निगेटिव्हच्या तीन पट्ट्या मिळाल्या. पाच डेव्हलपरची नावं लिहून ‘यांतला सर्वांत चांगला कोणता’ असं विचारलंयस. त्याला उत्तर नाही. तुझ्या घरात कोणता असावा, याला मात्र आहे. आणि ते ठरतं तुझ्या नागपूरच्या नळाच्या पाण्यावर आणि महिन्याला तू किती रोल धुतेस यावर. फोटोतल्या करड्या छटांची चर्चा नंतर करू.

कोडॅकचा डी-७६ घे, नाहीतर इलफर्डचा आयडी-११. दोन्ही जवळजवळ एकच आहेत. डी-७६ हा १९२७ पासूनचा, आणि त्याचं सूत्र जगजाहीर आहे: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. यातलं सल्फाइट बघ, किती आहे! ते द्रावण टिकवतं, शिवाय चांदीच्या दाण्यांच्या कडा थोड्या विरघळवतं. म्हणून दाणा बारीक दिसतो, पण धार किंचित मऊ पडते. तेच द्रावण एकास एक पाणी घालून वापरलं की सल्फाइट निम्मं होतं, धार परत येते आणि दाणा जरासा वर येतो. ४०० च्या फिल्मवर मला तो आवडतो.

तुला एकास एक वापरायला सांगतोय ते मात्र उन्हाळ्यासाठी. आयडी-११ मध्ये तुझ्या एचपी-५ प्लस फिल्मला २० अंशांवर नुसत्या द्रावणात साडेसात मिनिटं लागतात, एकास एकमध्ये १३. पाणी २४ अंशांवर गेलं की वेळ साधारण दोन-तृतीयांशावर येतो. म्हणजे नुसतं द्रावण पाच मिनिटांवर येऊन टेकतं, आणि पाचाच्या खाली गेलीस की आकाशात पट्टे उमटायची भीती. एकास एकमध्ये नऊ मिनिटांच्या आसपास हातात राहतात. नागपूरचा नळ मे महिन्यात २४ अंशांचं पाणीही देणार नाही, हे मला ठाऊक आहे. टबात पाणी आणि बर्फ घालून डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या त्यात उभ्या कर. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. २० अंशांच्या मागे धावू नकोस. २४ गाठ, पण शेवटपर्यंत तेच ठेव. गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होतं, तेव्हा ओल्या फिल्मला नख लावू नकोस.

रोडिनालचा मोह तुला पडलेला दिसतोय. आग्फाचा तो १८९१ चा डेव्हलपर; उघडलेली बाटली कॉफीसारखी काळी झाली तरी वर्षानुवर्षं काम देते. दोन महिन्यांतून एखादा रोल धुणाऱ्याला मी तोच सुचवला असता. पण ४०० च्या फिल्मवर त्याचा दाणा जाड येतो. १०० ची फिल्म लावशील तेव्हा घे. एक्सटोल १९९६ चा, कागदावर डी-७६ पेक्षा सरस. मात्र तो बाद झाला तरी रंगावरून कळत नाही, आणि नवशिक्याला असा मुका डेव्हलपर नको. तसा कुठलाही डेव्हलपर वापरण्याआधी रोलचं कापलेलं टोक उजेडातच त्यात बुडवून बघावं. काही मिनिटांत काळंकुट्ट झालं नाही, तर द्रावण ओतून दे.

तू महिन्याला चार-पाच रोल काढतेस. टाकीत ३०० मिली लागतं, त्यात मूळ द्रावण १५०. म्हणजे लिटरात सहा रोल निघतात. एकदा वापरलेलं ओतून टाकायचं. भरलेल्या बाटलीत हे द्रावण सहा महिने टिकतं, अर्धवट रिकाम्या बाटलीत जेमतेम महिनाभर. म्हणून छोट्या बाटल्या गळ्यापर्यंत भर आणि तारीख लिही. पावडर कालवताना तोंडाला रुमाल बांध, हातमोजे घाल. मेटॉलने काहींच्या बोटांना खाज सुटते. आणि ताईच्या स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं आणलं असशील तर ते आता तुझंच. परत नेऊन ठेवू नकोस.

आता तुझ्या पट्ट्यांविषयी. कडुलिंबाखालच्या सावलीत फिल्म नुसती काचेसारखी आहे, तपशील काहीच नाही. तो दोष डेव्हलपरचा नाही. सावलीत जे फिल्मवर पोचलंच नाही, ते कुठलाही डेव्हलपर काढून देणार नाही. एचपी-५ ला मीटरवर ४०० ऐवजी २५० लाव. उजळ भाग जास्त दाट झाले तर वेळ थोडा कमी कर.

पावसाळा येईपर्यंत फिल्म, डेव्हलपर, तापमान आणि टाकी हलवायची रीत, काही बदलू नकोस. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा टाकी उलटी-सुलटी करायची, बस. पुढच्या पट्ट्यांबरोबर प्रत्येक रोलचं तापमान, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून पाठव. ते नसेल तर मी पट्ट्या उजेडासमोर धरणारच नाही.

तुझा,
मामा