सर्व हक्क स्वाधीन

जुन्या मराठी पुस्तकाचें मुखपृष्ठ उलटलें कीं कोठेंतरी तीन शब्द आढळतात: ‘सर्व हक्क स्वाधीन.’ आपण ते पाहतों आणि पुढें जातों. खडू, फळा आणि पुस्तक एवढींच शाळेचीं साधनें होतीं, तोंवर या शब्दांचा विचार करण्याचा प्रसंग क्वचितच येई. आतां अमरावती-अकोल्याच्या वर्गांत पडद्यावर चित्रपट दिसतो, मोबाइलवरून गाणें ऐकूं येतें आणि पुस्तकाचीं पानें क्षणांत साऱ्या वर्गाच्या हातीं पोंचतात. यास्तव यांतलें काय मोकळेपणीं घ्यावें व कशासाठीं परवानगी मागावी, हें विद्यार्थ्यांस कळणें अवश्य झालें आहे.

लेखन, चित्र, गीत, ध्वनिमुद्रण, चित्रपट यांवर कायद्यानें जो हक्क दिला आहे, त्यास स्वामित्वहक्क किंवा कॉपीराइट म्हणतात. आपल्या देशाचा कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. ग्रंथावरील हक्क ग्रंथकाराच्या हयातभर, व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून पुढें ६० वर्षें टिकतो. साने गुरुजी १९५० सालीं वारले. त्यांच्या ‘श्यामची आई’वरील हक्क २०१० अखेर संपला. आपल्या वऱ्हाडचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ सालीं निवर्तले. त्यांची ‘ग्रामगीता’ गांवोगांव वाचली जाते, तरी तिच्यावरील हक्काची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. अमरावतीस जन्मलेले कवि सुरेश भट २००३ सालीं गेले. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या कवितांची मुदत २०६३ अखेर पुरी होईल. मात्र मूळ पुस्तक मोकळें झालें म्हणजे त्यावरून काढलेला चित्रपट वा ध्वनिमुद्रण आपोआप मोकळें झालें असें नव्हे. त्यांची मुदत निराळी मोजावी लागते.

मग मुदत संपेपर्यंत शाळेनें स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. कायद्याच्या ५२ व्या कलमांत शाळेसाठीं वाट मुद्दाम ठेविली आहे. शिकवितांना शिक्षकानें किंवा शिकतांना विद्यार्थ्यानें उतारा उतरून घेतला, प्रश्नपत्रिकेंत कविता छापली, उत्तरांत ती लिहिली, तर हक्काचा भंग होत नाहीं. शाळेच्या कार्यक्रमांत शिक्षक-विद्यार्थ्यांनीं नाटक करावें, चित्रपट दाखवावा, गीत ऐकवावें, यासही मोकळीक आहे. अट इतकीच कीं प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व शाळेच्या कार्याशीं संबंध असलेले लोक एवढेच असावेत. तिकीट लावून साऱ्या शहरास बोलाविलें, तर या सवलतीचा आधार उरत नाहीं.

ही वाट किती मोलाची आहे, हें एका खटल्यावरून दिसेल. ऑक्सफर्ड, केंब्रिज इत्यादि प्रकाशकांनीं २०१२ सालीं दिल्ली विद्यापीठ व तेथील एका झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध दावा लाविला. २०१६ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, शिक्षणाच्या हेतूस जेवढें आवश्यक तेवढें उतरून घेणें हा गुन्हा नव्हे. मेळघाटांत धारणी-चिखलदऱ्याकडील ज्या मुलाच्या घरीं महाग पुस्तक घेण्याची ऐपत नाहीं, त्याच्या विद्येचा मार्ग या निर्णयानें मोकळा राहिला आहे.

परंतु ‘आवश्यक तेवढें’ हे शब्द विसरूं नयेत. कादंबरीचा एक उतारा वर्गांत वाटणें निराळें, आणि सबंध कादंबरी गांवभर पाठविणें निराळें. स्नेहसंमेलनांत चित्रपटगीतावर नाचणें निराळें, आणि तोच नाच गाण्यासकट यूट्यूबवर जगापुढें मांडणें निराळें. तेथें प्रेक्षकांची मर्यादाच राहत नाहीं. तसेंच, फुकट मिळालेली वस्तु बेवारस समजूं नये. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संगणकावर विनामूल्य वाचतां येतात, म्हणून तीं छापून विकण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं. आणि कर्त्याचें नांव देणें हें आपलें कर्तव्य खरें; पण नांव दिल्यानें परवानगीची गरज भागत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याची कृति हातीं घेतांना तीन प्रश्न मनाशीं विचारावेत: ही कोणाची? मला किती हवी? ती कोणापुढें मांडणार? हे प्रश्न परक्यांच्या लेखनापुरतेच नाहींत. याच वार्षिकांत आपण दिलेली कविता वा चित्र स्वतःचें असेल, तर त्याचा हक्क, कोठेंही नोंदणी न करतां, प्रथम आपलाच. उद्यां कोणी आपलें नांव पुसून तें छापलें, तर मनास जें वाटेल, तेंच प्रत्येक ग्रंथकारास वाटतें. हें ज्यास उमगलें, त्यास ‘सर्व हक्क स्वाधीन’ या तीन शब्दांचा अर्थ निराळा शिकवावा लागणार नाहीं.