गैरहजेरीच्या रकान्यामागील दुखणे



हजेरीपत्रक आपण तपासणीसाठी भरतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु त्याच कागदावर गावाच्या आरोग्याचा इतिहासही नकळत लिहिला जात असतो. कोणते मूल वारंवार गैरहजर राहते, कोणत्या ऋतूत राहते आणि परतल्यावर ते कसे दिसते, हे गावात शिक्षकाइतके नियमितपणे दुसरे कोणी पाहत नाही. आरोग्यविषयक संशोधनाचा आरंभ अशाच नित्याच्या निरीक्षणातून होतो. प्रस्तुत पाठात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या शाळांशी निकटचा संबंध असणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराचा विचार करावयाचा आहे.

१. एक अनुभव

आरंभी स्वतःचीच एक चूक सांगणे उचित होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी डोंगराजवळच्या एका लहान शाळेवर होतो. तिसरीतील एक मुलगा थंडी पडली की चार-चार दिवस येत नसे. आला तरी कवायतीच्या वेळी ओट्यावर बसून राही आणि तासात दोन-तीनदा लघवीची परवानगी मागे. मी त्याला कामचुकार ठरविले. एके दिवशी सकाळच्या गारठ्यात त्याला मैदानावर अर्धा तास उभे केले. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेच्या दाराशी आली. पोराचे हातपाय ठणकतात, रात्रभर तो झोपत नाही, एवढेच तिने सांगितले. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले. पुढे काही वर्षांनी तपासणी शिबिरात त्या मुलास सिकलसेल असल्याचे निष्पन्न झाले. ज्या गोष्टींबद्दल मी त्याला शिक्षा केली, त्या सर्व त्याच्या दुखण्याची लक्षणे होती. अज्ञानामुळे घडलेली ही चूक आपल्यापैकी कोणाकडूनही पुन्हा घडू नये, हा या लेखाचा हेतू आहे.

२. विकाराचे स्वरूप

आपल्या रक्तातील लाल पेशी वाटोळ्या व लवचीक असतात आणि सुमारे १२० दिवस टिकतात. हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य त्यांच्यामार्फत प्राणवायू सर्व शरीरभर पोचविते. सिकलसेलमध्ये या द्रव्याच्या घडणीत जन्मतःच एक अल्पसा फरक असतो. प्राणवायू कमी झाला की अशा पेशी ताठर होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. सिकल या इंग्रजी शब्दाचा अर्थच विळा असा आहे. अशा पेशी १० ते २० दिवसांतच नाश पावतात. म्हणून मूल फिके दिसते व लवकर थकते. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकल्या की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, सांध्यांत, पोटात वा छातीत असह्य कळा येतात. मूत्रपिंडावरही परिणाम होऊन लघवी पातळ व वारंवार होते. तेव्हा शाळेत वारंवार परवानगी मागणे किंवा वसतिगृहात अंथरूण ओले करणे हा अशा मुलाचा आळस नव्हे.

या विकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन शिकागो येथील डॉ. हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. हिमोग्लोबिनमधील दोष १९४९ साली पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये तो १९५२ साली आढळला. आपल्या राज्यात विदर्भ आणि उत्तरेकडील सातपुड्याचा पट्टा येथे त्याचे प्रमाण अधिक आहे. डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासींमध्ये या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. भिल्ल, पावरा, माडिया इत्यादी काही जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत आढळले आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील शिक्षकांनी हा आकडा विसरू नये.

मात्र यावरून कोणत्याही जमातीस नावे ठेवणे अज्ञानाचे होईल. हा विकार अन्य समाजांतही आहे. शिवाय १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले की, केवळ वाहक असलेल्या मुलांना घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते. ज्या प्रदेशांत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या बालके दगावत होती, तेथेच हा गुण टिकून राहिला. तेव्हा हा कोणाच्या पापाचा, शापाचा वा अस्वच्छतेचा परिणाम नसून पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

३. वर्गात घ्यावयाचा पाठ

सिकलसेल स्पर्शाने, सहभोजनाने किंवा एका बाकावर बसल्याने होत नाही. तो केवळ आईवडिलांकडून येतो. हे पाचवीच्या पुढील मुलांस पुढील प्रयोगाने समजावून देता येईल.

दोन वाट्या घ्याव्यात. एक वाटी आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत तुरीचा एक व उडदाचा एक दाणा टाकावा. तूर म्हणजे निरोगी गुण, उडीद म्हणजे सिकलचा गुण. मुलाने डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा काढावा, फळ्यावर जोडी नोंदवावी आणि दाणे परत टाकावेत. असे चाळीस वेळा करावे. तूर-तूर अशा जोड्या सुमारे दहा, तूर-उडीद सुमारे वीस आणि उडीद-उडीद सुमारे दहा येतील. तूर-तूर म्हणजे निरोगी, तूर-उडीद म्हणजे वाहक, उडीद-उडीद म्हणजे रुग्ण. वाहकास सहसा त्रास होत नाही. म्हणून तपासणीवाचून त्याला स्वतःलाही ते कळत नाही.

येथे एक गैरसमज टाळावा. चार अपत्यांपैकी नेमके एक आजारी होईल, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक जन्माच्या वेळी दाणे नव्याने निघतात. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची खात्री नाही, आणि पहिले आजारी निघाले म्हणून दुसरेही तसेच होईल असेही नाही. आता एका वाटीत दोन्ही दाणे तुरीचे ठेवून प्रयोग पुन्हा करावा. उडीद-उडीद अशी जोडी एकदाही येणार नाही. विवाहापूर्वी दोन्ही पक्षांनी तपासणी का करावी, हे वाड्यापाड्यावरील पालकांनाही यावरून पटते. पाठ घेताना वर्गातील कोणाचेही नाव वा कुटुंब उदाहरणादाखल घेऊ नये.

४. शाळेतील व्यवहार

निदान करणे हे आपले काम नव्हे. शंका आल्यास योग्य ठिकाणी पोचविणे हे आपले काम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची प्राथमिक चाचणी होते आणि पुढील चाचणीने वाहक की रुग्ण हे निश्चित होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी करणे व २०४७ पर्यंत या विकाराचे निर्मूलन करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी पथक शाळेत येते त्या दिवशी नेहमीची गैरहजर मुले घरून बोलावून आणावीत. कारण तपासणीची खरी गरज बहुधा त्यांनाच असते.

निदान झालेल्या मुलाच्या बाबतीत पुढील गोष्टी पाळाव्यात.

(अ) पाणी पिण्यास व लघवीस केव्हाही जाऊ द्यावे. आपल्याकडील उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होणे हे कळांचे मोठे कारण असते.

(आ) थंडीत उबदार कपड्यांवाचून बाहेर बसवू नये. खेळापासून तोडू नये, परंतु दमल्यावर थांबण्याची मोकळीक द्यावी.

(इ) शाळेत वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या अशा मुलास वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारूनच द्याव्यात. डॉक्टरांनी दिलेले औषध रोज घेतले जाते की नाही, हे आपुलकीने विचारावे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेक रुग्णांच्या कळा कमी होतात.

(ई) जोराचा ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरे पडणे, पोट फुगणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसल्यास शाळा सुटण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

(उ) ऊसतोडीसाठी कुटुंब बाहेर जाण्यापूर्वी तपासणीचे कार्ड व औषधे बरोबर घेतल्याची खात्री करावी.

(ऊ) तपासणीचा निकाल वर्गात वाचून दाखवू नये. विशेषतः मुलीच्या बाबतीत ती गोष्ट गावभर झाल्यास पुढे तिच्या विवाहात अडचणी उभ्या राहतात.

पालक भगताकडे जात असतील तर त्यांची थट्टा करू नये. थट्टेने माणूस दुरावतो. दवाखान्याची वाट न सोडण्याचे वचन मात्र त्यांच्याकडून घ्यावे.

५. केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. मागील दोन वर्षांच्या हजेरीपत्रकांत दुखण्यामुळे तीनपेक्षा अधिक वेळा सलग गैरहजर राहिलेली मुले कोणती? त्यांपैकी किती मुलांची तपासणी झाली आहे?

२. आपल्या शाळेत पिण्याचे पाणी व मुतारी मुलांना विनासंकोच वापरता येते काय?

३. वाहक व रुग्ण यांतील भेद गावसभेत कोणत्या शब्दांत सांगाल?

ज्या मुलाचा वर उल्लेख केला, तो पुढे दहावी उत्तीर्ण झाला. मी क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?” आज आपणांस माहीत आहे. म्हणून ती सबब आता आपणांस उरलेली नाही.