हाती परवाना, तरी पुन्हा शिकवणी

विमान चालविण्याचा परवाना एकदा मिळाला की कोणतेही विमान चालविता येते, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. हजारो तासांचा अनुभव असलेल्या वैमानिकालाही अधिक प्रगत विमानावर जाताना पुन्हा शिष्य व्हावे लागते. ही पद्धत आमच्या कारागीर व व्यापारी बंधूंनी समजून घेण्यासारखी आहे.

अमेरिकेतील नियम पाहा. साध्या विमानावर शिकलेल्या वैमानिकाला २०० अश्वशक्तीहून मोठ्या इंजिनाचे विमान मुख्य वैमानिक म्हणून चालवायचे असेल, तर आधी प्रशिक्षकाकडून शिकून आपल्या नोंदवहीत त्याची सही घ्यावी लागते. आत ओढली जाणारी चाके, फ्लॅप आणि पात्यांचा कोन बदलणारा पंखा असलेल्या विमानासाठी वेगळी सही लागते. जेट विमान किंवा १२,५०० पौंडांहून जड विमान असेल, तर त्या जातीच्या विमानाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते.

हे प्रशिक्षण जमिनीवर सुरू होते. प्रथम विमानाची पुस्तिका, इंधनाची व विजेची व्यवस्था, वेगाच्या मर्यादा यांचा अभ्यास होतो. मग उभ्या विमानात बसून कोणती कळ कोठे आहे, हे हाताला सवयीचे केले जाते. त्यानंतर प्रशिक्षकासोबत उड्डाण, आणि शेवटी संकटाचा सराव: इंजिन बंद पडले तर काय, चाके खाली आली नाहीत तर काय? मोठ्या विमानांसाठी हा सराव सिम्युलेटर या नकली कॉकपिटमध्ये करून घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण अडचण केवळ अज्ञानाची नसते, जुन्या सवयीचीही असते. ज्याने आयुष्यभर कायम बाहेर असलेल्या चाकांचे विमान चालविले, त्याला उतरताना चाके खाली सोडण्याची आठवणच होत नाही, आणि विमान पोटावर घासत उतरते.

८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० विमानाची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. त्याच्या कॅप्टनला १३,००० तासांहून अधिक अनुभव होता, परंतु या नव्या नमुन्यावर अवघे २३ तास. डाव्या इंजिनाचे पाते तुटले, विमान थरथरू लागले, आणि वैमानिकांनी चांगले चालणारे उजवे इंजिन बंद केले. डाव्या इंजिनाचा कंप दाखविणारा काटा समोरच होता. पण जुन्या विमानांतील असे काटे भरवशाचे नसत, म्हणून त्यांकडे पाहण्याची सवयच नव्हती. नव्या विमानातील काटा मात्र खरे सांगत होता. या नव्या पद्धतीच्या काट्यांचा सिम्युलेटर त्या वेळी ब्रिटनमध्ये नव्हता. बिघाडाच्या वेळी ते काय दाखवितात, हे पाहण्याची पहिली वेळ खऱ्या संकटातच आली. केगवर्थ गावाजवळ विमान कोसळले. १२६ पैकी ४७ माणसे दगावली.

आता आपल्या कारखान्याकडे वळू. साध्या लेथवर वीस वर्षे हात बसलेला कारागीर संगणकावर चालणाऱ्या लेथपुढे उभा राहतो, तेव्हा त्याची अवस्था त्या कॅप्टनहून निराळी नसते. साध्या लेथवर हत्यार हाताच्या तालावर पुढे सरकते. येथे एक आकडा चुकला तर हत्यार वेगाने जाऊन जॉबवर आदळते.

म्हणून नवे यंत्र घेताना तीन प्रश्न कागदावर लिहून काढावेत. जुन्यासारखे काय आहे? नवीन काय आहे? आणि जुनी कोणती सवय येथे घातक ठरेल? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि बोटे तेथेच जातात. शिकवणीचे दिवस यंत्राच्या सौद्यातच ठरवून घ्यावेत. बिघाड झाल्यावर यंत्र कसे थांबवायचे, याचा सराव पहिल्या दिवशी करावा. आणि शिकायला प्रथम दुकानातील सर्वांत जुन्या उस्तादाला बसवावे. त्यात त्यांचा कमीपणा नाही. तेरा हजार तासांच्या वैमानिकालाही ते चुकत नाही.