फोल्डरमध्ये फोटो आला, हे संगणकाला कळतं कसं?

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. भाच्याने संगणकावर उबुंटू बसवून दिलं आहे. कार्डवरचे फोटो फोल्डरमध्ये टाकले की एक सॉफ्टवेअर क्षणात त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतं. फोल्डरमध्ये 40 हजार फोटो आहेत. ते सॉफ्टवेअर सारखं सगळे फोटो तपासत बसतं का? आणि नेटवर्क डिस्कवर शेजारच्या खोलीतून टाकलेल्या फोटोची प्रत निघायला मात्र बराच वेळ का लागतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तपासत बसत नाही, झोपलेलं असतं. दर दोन सेकंदांनी एकेका फोटोची तारीख आणि आकार विचारायचा ठरवला, तर सेकंदाला 20 हजार वेळा कर्नलकडे खेपा घालाव्या लागतील, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच मिळेल : काही बदललेलं नाही.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठल्याही प्रोग्रॅमला फाइल उघडायची, लिहायची, पुसायची असली की सिस्टिम कॉल करून त्यालाच सांगावं लागतं. म्हणजे बदल त्याच्याच हातून होतो. मग त्याला शोधायला लावण्याऐवजी आधीच सांगून ठेवावं, ‘या फोल्डरमध्ये काही झालं तर मला उठव.’ लिनक्समधल्या या सोयीचं नाव आयनोटिफाय. जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह यांनी ती लिहिली आणि 2005 मध्ये 2.6.13 या आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये आली. त्याआधीच्या डीनोटिफायमध्ये प्रत्येक फोल्डर सतत उघडं धरून ठेवावं लागे, आणि पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरवर नजर असली तर तो ड्राइव्ह काढताच येत नसे. मॅकवर आणि विंडोजवर याच कामाचे वेगळे कॉल आहेत.

तुमचं सॉफ्टवेअर सुरुवातीला फोल्डरवर पहारा लावतं, मग ‘वाच’ असा कॉल करून स्वस्थ पडून राहतं. त्या वेळात प्रोसेसरवर त्याचा भार नसतो. फोटो आला की कर्नल त्याच्या हातात एक छोटी नोंद ठेवतो : 16 बाइट्समध्ये चार आकडे, मागे फाइलचं नाव. कुठला पहारा, काय घडलं, नाव बदललं असेल तर जुन्या-नव्या नावांची जोडी जुळवणारा क्रमांक, आणि नावाची लांबी. बदल कोणी केला किंवा फाइलच्या आत काय बदललं, हे त्यात नसतं.

‘काय घडलं’ हा आकडा नीट वाचला नाही तर काय होतं, ते मी एका छापखान्यात अनुभवलंय. प्लेटच्या मशीनला फाइल पोचवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि तो ‘फाइल तयार झाली’ या खबरेवर चालत होता. पण फाइल तयार होते ती रिकामी. भरत जाते नंतर. एका जाहिरातीची मोठी टिफ फाइल कॉपी होत असतानाच त्याने उचलली आणि प्लेटचा खालचा अर्धा भाग कोरा आला. चूक सर्वस्वी माझी. ‘लिहून झालं, फाइल बंद केली’ अशी वेगळी खबर कर्नल देतो. तिचीच वाट पाहायला हवी होती.

आणखी एक फसगत नेहमी होते. पहारा नावावर नसतो, आयनोडवर असतो. नाव ही दारावरची पाटी, आयनोड म्हणजे घर. कित्येक एडिटर जुन्या फाइलवर लिहीतच नाहीत. शेजारी नवी फाइल पूर्ण लिहून तिला जुनं नाव देतात. पाटी नव्या घरावर गेली आणि पहारेकरी जुन्याच दारात उभा! म्हणून एकाच फाइलवर नजर ठेवायची असली तरी पहारा फोल्डरवर लावावा.

पोटफोल्डरांना मात्र प्रत्येकी वेगळा पहारा लागतो. तुम्ही ‘हळद’ नावाचं फोल्डर करून लगेच कार्ड ओतलंत, तर पहारा लागेपर्यंत पहिले काही फोटो आत येऊन गेलेले असतात. त्यांची खबर कधीच येत नाही. चांगलं सॉफ्टवेअर आधी पहारा लावतं आणि मग एकदा आत डोकावून जे आहे ते मोजून घेतं. खबरांची रांगही अमर्याद नसते. सहसा 16,384 नोंदी मावतात. ती भरली की पुढच्या खबरा गळतात, पण कर्नल ‘रांग भरून वाहिली’ एवढं प्रामाणिकपणे सांगतो. तसं कळलं की सगळं फोल्डर पुन्हा तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

आता नेटवर्क डिस्क. शेजारच्या खोलीतला फोटो त्या खोलीतल्या संगणकाच्या कर्नलकडून निघाला आणि डिस्कच्या कर्नलकडे पोचला. तुमच्या कर्नलच्या हातून काहीच गेलं नाही, मग तो खबर कुठून देणार? तिथे सॉफ्टवेअरला जुन्या पद्धतीने ठरावीक वेळाने खेपाच घालाव्या लागतात. तुम्हाला दिसतो तो उशीर बहुधा दोन खेपांमधला आहे. सेटिंगमध्ये ही मुदत कमी करता येते का पाहा. पण 40 हजार फोटोंसाठी ती दोन सेकंदांवर आणू नका. त्यापेक्षा प्रत काढणारं सॉफ्टवेअर त्या डिस्कवरच चालवता आलं तर उत्तम.