वेगळी संख्या ओळखणं म्हणजे गणित येणं नव्हे

शिष्यवृत्तीचे निकाल लागले की पालकांचे दोन ठरलेले प्रश्न येतात. बुद्धिमत्ता चाचणीत गटात न बसणारे पद झटकन ओळखणाऱ्या मुलाला आतापासूनच आयआयटी फाउंडेशनला घालायचं का? आणि तिथे अडखळणाऱ्या मुलीचं गणित कच्चं समजायचं का? दोन्हींना माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे.

2, 3, 9, 11 यांतली वेगळी संख्या कोणती? उत्तरसूची म्हणेल 9, कारण बाकीच्या मूळ संख्या आहेत. पण सम संख्या एकटी 2 आहे, दोन अंकी एकटी 11, आणि त्रिकोणी संख्या (1, 3, 6, 10...) एकटी 3. चारही उत्तरांना सबळ कारण आहे! पटकन 9 चा गोल रंगवणाऱ्या मुलाने प्रश्न काढणाऱ्याच्या मनातलं ओळखलं. परीक्षेत त्याला किंमत आहे, पण गणिताचं काम त्यानंतर सुरू होतं: कोणता निकष लावला, तोच का, आणि तो लावल्याने हाती काय लागतं? 1 ला मूळ संख्यांतून बाहेर का ठेवतात, हे मुलाला विचारून पाहा. 1 आत घेतला तर 6 म्हणजे 2 × 3, आणि 1 × 2 × 3 सुद्धा; मग प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियमच कोसळतो. हे कारण शोधायला दहा मिनिटं घेणारी मुलगी संथ नाही, ती गणित करते आहे. चाचणीत अडखळणाऱ्या मुलीला मूळ संख्याच माहीत नाहीत, असंही असू शकेल. पण ते ‘का?’ विचारल्यावरच कळेल, गुणपत्रिकेवरून नाही.

यावर पालक म्हणतात, स्पर्धा तर वेगाचीच आहे. खरं आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. पण तो वेग अकरावी-बारावीच्या सरावाने येतो. त्यासाठी सहावीतल्या पोराच्या संध्याकाळी विकत घ्यायची गरज नाही. उलट इतक्या लवकर युक्त्या पाठ झाल्या की ‘का’ विचारायची सवयच मोडते. फाउंडेशनचा आग्रह बहुतेक घरांत मुलाचा नसतो. शेजारच्याने प्रवेश घेतलेला असतो आणि आईवडिलांची झोप उडालेली असते. त्या भीतीचे हप्ते मुलाने का फेडावेत?

इंजिनीअरिंगची वाट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देतो. जिच्याकडे कुणी बघत नाही ती वाट सांगतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये कोलकात्यात स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था (आयएसआय), चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि पुण्याची आयसर इथे बारावीनंतर थेट जाता येतं. आयएसआयच्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ.च्या प्रवेश परीक्षेत दीर्घोत्तरी पेपर असतो, म्हणजे गोल रंगवून भागत नाही, कारण लिहून दाखवावं लागतं. प्रादेशिक गणित ऑलिंपियाडलाही तीन तासांत सहाच प्रश्न असतात. शाळेत एकाच प्रश्नावर रेंगाळणाऱ्या मुलांना मान आहे तो इथे.

‘पण यात पोट भरेल का?’ विमा कंपनीचा हप्ता ठरवणारा ॲक्च्युअरी, औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष तपासणारा सांख्यिकीतज्ज्ञ, बँकेत कर्जाची जोखीम मोजणारा विश्लेषक या सगळ्यांचा पाया हेच गणित आहे. ॲक्च्युअरीची प्रवेश परीक्षा तर बारावीनंतर लगेच देता येते. जागा मोजक्या आहेत हा आक्षेप मात्र मान्य. आयएसआयला प्रवेश मिळणं सोपं नाही, आणि ॲक्च्युअरीचे पेपर पुरे करताना अनेकांची वर्षं जातात. म्हणून पर्यायी प्रवेश हाताशी ठेवाच. चांगल्या महाविद्यालयातली सांख्यिकीची बी.एस्सी. अजिबात कमी नाही.

आयएसआयच्या आणि ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. नववी-दहावीच्या सुट्टीत त्यातला एक प्रश्न मुलापुढे ठेवा आणि घड्याळ बाजूला काढा. दुसऱ्या दिवशी तो आपणहून त्या प्रश्नाकडे वळला, तर आधी त्याच्याशी बोला, क्लासवाल्यांशी नंतर.