कार्ड छापायला टाकण्याआधी

काल फोनवर तू म्हणालीस, “ताई, शिवणकामाच्या व्हिजिटिंग कार्डाचं डिझाइन झालं, एकदम सोनेरी, वेलबुट्टीवालं!” तेव्हा मी नुसतं “हं” केलं. तुझे भावजी शेजारी बसले होते, त्यांच्यादेखत माझी जुनी फजिती उगाळायची नव्हती. आता दुपार आहे, मशीन बंद आहे, म्हणून निवांत लिहिते.

तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुला आठवणार नाही. मी ब्लाउज शिवायला लागले आणि पहिल्याच महिन्यात हजार कार्डं छापून घेतली. गुलाबी जमीन, तिच्यावर सोनेरी वळणांचं नाव, पुढे ‘क्रिएशन्स’. कसली क्रिएशन्स, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं! वर मोबाइल नंबरातला एक आकडा चुकलेला. प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं होतं, पोळ्या लाटता लाटता मीच ‘ओके’ लिहून पाठवलं होतं, तेव्हा छापखान्याला बोलायची सोयच नव्हती. दोन महिने कुठल्याशा आजोबांना “माझा कटोरी ब्लाउज झाला का?” असे फोन जात होते. एका गिऱ्हाइकाने सांगितल्यावर मी त्यांची माफी मागायला फोन केला, तर म्हणाले, “माफी राहू दे, सुनेचे दोन शिवून दे.” दिले शिवून. उरलेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर मी अजून वाणसामानाच्या याद्या करते.

तेव्हापासून मी एकच विचार करते. कार्ड हातात देताना तू समोर असतेस, तेव्हा त्याची गरजच नसते. गरज पडते चार महिन्यांनी, बाईला नणंदेच्या लग्नाआधी पर्समध्ये ते सापडतं तेव्हा. तिला तू आठवत नसतेस. तिला एका नजरेत कळायला हवं, ही कोण, काय करते, फोन कुठे लावायचा. म्हणून ‘ब्लाउज, फॉल-पिको, अस्तर’ हे शब्द तुझ्या नावाइतकेच ठसठशीत हवेत. ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ अजिबात नको. त्यातून कोणालाच काही कळत नाही.

नंबर एकच दे, आणि तो धंद्यासाठी घेतलेल्या वेगळ्या सिमचा असू दे. आणि हे अगदी तुझ्या-माझ्यात: तू घरातून काम करतेस, दुपारी एकटी असतेस, तर फ्लॅटचा नंबर छापू नकोस. चौक, जवळचं देऊळ, सोसायटीचं नाव एवढं पुरे. ‘येण्याआधी फोन करावा’ ही ओळ टाक. कार्ड कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही. आकडे मराठीत छापावेत असं मलाही मनातून वाटतं, पण नंबर इंग्रजी आकड्यांतच ठेव. तुझी निम्मी सोसायटी बाहेरच्या राज्यांतून आलेली आहे.

अक्षराचं मात्र नीट ऐक. मराठी अक्षराला वर मात्रा-वेलांट्या असतात, खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीत चालतो तो ८ पॉइंट मराठीत मुंगीएवढा दिसतो. नऊ-दहाच्या खाली जाऊ नकोस. मंगल फॉन्ट कॉम्प्युटरवर आयता मिळतो म्हणून तोच वापरतात; र. कृ. जोशींनी तो पडद्यावर वाचायला केलाय, कार्डावर तो मला रुचत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट फुकट मिळतात, ते बघ. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं नकोत, शाई पसरून ‘घ’ आणि ‘ध’ एकच होतात. बारीक मजकूर निव्वळ काळ्या शाईत घे. चार शायांतून केलेलं काळं कागद केसभर सरकला तरी भुरकट दिसतं.

आणि वेलांटीवर डोळा ठेव. आपण मोबाइलवर टाइप करून पाठवतो ते युनिकोड असतं, ऑपरेटरचं कोरलड्रॉ जुनं असलं की त्यात जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी उडी मारते. ‘शिवणकला’चं ‘शविणकला’ झालेलं मी पाहिलंय, आणि ते तसंच छापलेलंही पाहिलंय! मजकूर नीट बसला की फॉन्ट कर्व्ह करून घे, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात, मग ती कुठल्याही मशीनवर हलत नाहीत. कर्व्ह करण्याआधीची फाइलही मागून ठेव. पैसे तू दिलेस, उद्या पत्ता बदलला तर पुन्हा त्याच्याच दारात कशाला उभं राहायचं?

रंगाची हौस आवर. मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागदावर शाई असते. तो झगमगता पोपटी कागदावर उतरला की शेवाळी होतो. साडीचा रंग दुकानातल्या दिव्याखाली एक आणि उन्हात दुसरा दिसतो ना, तसंच.

आकार साधा ठेव, साडेतीन बाय दोन इंच. गोल, पानाच्या आकाराचं, दुमडायचं, सगळं मी वापरून बघितलंय. एटीएम कार्डाच्या कप्प्यात बसलं नाही की पहिल्याच आवराआवरीत ते केरात जातं. जमिनीला रंग असेल तर तो चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर सोडायला सांग. कार्डांचा गठ्ठा एकदम कापतात, पातं जरा सरकलं तर पांढरी कड दिसते. मजकूर कडेपासून तेवढाच, जमलं तर ५ मिलिमीटर, आत घे. शिलाईत दाब सोडतेस तसाच हा दाब समज.

कागद ३०० जीएसएमचा घे. झेरॉक्सचा कागद ७०-७५ असतो, त्यावरून अंदाज कर. पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन चालेल, मागची बाजू मात्र बिनलॅमिनेशनची हवी, नाहीतर बॉलपेन घसरतं. तिथे ‘ट्रायल’ आणि ‘न्यायची तारीख’ अशा दोन रेघा छाप. साडीच्या पिशवीत हे कार्ड टाकलं की बाई तारखेसाठी ते जपून ठेवते. छापलेल्या कार्डापेक्षा तुझ्या हाताने लिहिलेल्या दोन शब्दांनाच ती जास्त सांभाळते, हा माझा अनुभव.

क्यूआर कोड टाकायचा तर एकच, व्हॉट्सॲप उघडणारा. दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी मोकळी जागा हवी. कोड बनवताना ‘डायनॅमिक’ प्रकार घेऊ नकोस. त्यातला पत्ता दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतो, वर्गणी थकली की कोड मेला आणि तुझी कार्डं छापलेलीच. साध्या स्टॅटिक कोडात माहिती त्या चौकटींतच असते, ती कधी संपत नाही.

आता किती छापायची? ऑफसेटवाला हजारचा भाव सांगेल आणि तो शंभरच्या मानाने इतका स्वस्त वाटेल की तू भुलशील. एकाच मोठ्या कागदावर दहा जणांची कार्डं लावून छापतात, म्हणून ते परवडतं. रंगही शेजाऱ्याच्या कार्डाप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो. तू आधी डिजिटलवर शंभरच काढ. महागडी वाटतील, वाटू दे. शंभर वाटून होईपर्यंत काय चुकलंय ते कळतं, मग हजार टाक. आणि तुळशीच्या लग्नाआधी टाक. एकदा लग्नसराई सुरू झाली की अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे छापखाने पत्रिकांत बुडालेले असतात, तुझ्या कार्डाकडे कोण बघणार?

सोनेरीचा हट्टच असेल तर फक्त नाव सोनेरी कर, माझी ना नाही. पण प्रूफ कागदावर काढून घे आणि रात्री बल्बच्या उजेडात आईला वाचायला दे, चष्मा न लावता. मग त्याचा फोटो मला पाठव. ओके म्हणण्याआधी तो नंबर मी स्वतः लावून बघणार आहे.